बांधकाम-कचरा व त्याची व्यवस्था

इमारती, रस्ते, पूल, गटारे इ. वास्तूंची उभारणी, दुरुस्ती, फेरबदल किंवा पाडकाम करताना जी द्रव्ये त्या कामास निरुपयोगी ठरून मागे उरतात, त्यांस समुच्चयाने बांधकाम-कचरा म्हणतात. व्यवहारात त्यास राडारोडा, मलबा किंवा डेब्रिज असे म्हटले जाते. पायासाठी खणलेली माती, विटांचे व दगडांचे तुकडे, गिलाव्याचे पोपडे, फुटलेले काँक्रीट, सळयांचे तुकडे, सेंट्रिंगच्या फळ्या, फरश्या, काच, जुने नळ, रंगांचे डबे आणि सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या अशी अनेकविध द्रव्ये त्यात आढळतात. घरगुती कचऱ्याप्रमाणे तो कुजत नाही व त्याचा बराचसा भाग रासायनिक दृष्ट्या निरुपद्रवी असतो. मात्र तो वजनाने फार व किंमतीने अल्प असल्याने थोड्या अंतरावर नेतानाही वाहतुकीचा खर्च मालाच्या मोलापेक्षा अधिक होतो. त्याच्या व्यवस्थेतील बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

केंद्र शासनाच्या तंत्रज्ञान माहिती, पूर्वानुमान व मूल्यमापन परिषदेने (टायफॅक) २००१ मध्ये केलेल्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी १·२ ते १·४७ कोटी टन बांधकाम-कचरा निर्माण होत होता. त्यात एक-तृतीयांशाहून काहीसा अधिक भाग माती, रेती व खडी यांचा, सु. ३० टक्के विटा व चुना-सिमेंटच्या बांधणीचा, जवळजवळ पाव हिस्सा काँक्रीटचा आणि सु. ५ टक्के धातूंचा होता. डांबर व लाकूड प्रत्येकी सु. २ टक्के होते. पुढील काळातील काही अंदाज वर्षाला १५ कोटी टनांपर्यंत गेले. या प्रचंड तफावतीस बांधकामातील वाढ जशी कारणीभूत आहे, तसाच प्रत्यक्ष मोजणीचा अभावही. याच परिषदेने दिलेली दर चौ. मी. क्षेत्रामागील प्रमाणे मात्र आजही उपयोगी पडतात : नव्या बांधकामात ४० ते ६० किग्रॅ., दुरुस्तीत ४० ते ५० किग्रॅ. आणि पक्क्या इमारतीच्या पाडकामात ३०० ते ५०० किग्रॅ. पाडकामाचा भार नव्या बांधकामाच्या सु. आठपट असतो, हे यावरून दिसून येईल.

पूर्वपीठिका : पारंपरिक बांधकामात कचरा ही वेगळी वस्तू अशी फारशी नव्हती. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे वाघाडी नदीकाठचे तालुक्याचे गाव या दृष्टीने उदाहरण म्हणून घेण्याजोगे आहे. सागवानाची जंगले व कापसाची काळी जमीन यांच्या या प्रदेशात जुनी घरे मातीच्या भिंतींची, सागाच्या खांबांची, तुळयांची आणि वर कवेलू घातलेली अशी असत. असे घर उतरविले म्हणजे (अशा कामास पाडणे न म्हणता उतरविणे म्हणत, ही गोष्ट बोलकी आहे) सागाच्या तुळया, दारे व चौकटी नव्या घरात बसविल्या जात. धड कवेलू गोठ्यावर चढत. जोत्याचे दगड नव्या जोत्यात जात आणि भिंतींची माती पुन्हा भिजवून नव्या भिंतींसाठी वापरली जाई किंवा बैलगाडीने शेतात टाकली जाई. गावठाणाच्या जागेस पांढरी व शेतजमिनीस काळी असे म्हणण्याचा महाराष्ट्रात प्रघात आहे. राख, शेण व वस्तीतील इतर अवशेष शतकानुशतके मिसळून कसदार झालेली पांढरीची माती शेतकरी खत म्हणून नेत असत. या प्रथेपायी अनेक प्राचीन वस्तीस्थळांच्या टेकाडांची हानी झाली व पुरातत्त्वज्ञ तिच्याविषयी हळहळतात. तथापि बांधकामाचे द्रव्य पुन्हा जमिनीस मिळण्याचे ते एक चक्र होते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आश्रमातील १९३६ नंतरच्या कुट्या माती, बांबू, लाकूड व कवेलू यांच्याच आहेत.

चुन्याच्या बांधकामातही हे चक्र काही अंशी टिकून होते. चुन्याचा सांधा सिमेंटच्या मानाने मऊ असल्याने जुन्या भिंतीतील विटा अखंड निघत व घासून पुन्हा वापरता येत. फुटलेल्या विटांची भुकटी (सुरखी) चुन्यात मिसळून मजबूत व पाण्यास टिकणारा चुना तयार केला जाई. सिमेंटच्या प्रसाराने ही स्थिती पालटली. सिमेंटचा सांधा विटेहून बळकट ठरतो, त्यामुळे भिंत तोडताना सांधा न सुटता वीटच फुटते. प्रबलित (सळया घातलेल्या) काँक्रीटमधून सळया वेगळ्या करावयाच्या, तर काँक्रीटचा चुरा करावा लागतो. ज्या गुणांमुळे ही द्रव्ये लोकप्रिय झाली, तेच गुण त्यांच्या पुनर्वापराच्या आड येतात.

मोठ्या प्रमाणावर राडारोड्याचा उपयोग करण्याचा पहिला अनुभव यूरोपला दुसऱ्या महायुद्धाने दिला. बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या जर्मन शहरांत विटा निवडून, घासून त्यांचे ढीग रचण्याचे काम हजारो स्त्रियांनी केले. विटांच्या चुऱ्यापासून काँक्रीटचे ठोकळे बनविण्यात आले आणि जे उरले त्याच्या टेकड्या झाल्या. बर्लिनमधील टॉयफेल्सबर्ग ही अशीच एक टेकडी होय. सामग्रीची टंचाई हे त्यामागील कारण होते; ती संपताच हा उद्योगही बराचसा मंदावला. १९७० नंतर खाणी व टाकाऊ मालासाठी लागणारी जागा या दोहोंच्या तुटवड्याने त्याचे पुनरुज्जीवन झाले. जपानने २००० मध्ये बांधकाम-द्रव्यांच्या पुनर्वापराचा स्वतंत्र कायदा केला, तर यूरोपीय संघाने २००८ च्या निदेशाने असा ७० टक्के कचरा २०२० पर्यंत पुनरुपयोगात आणण्याचे लक्ष्य ठरविले.

जागेवरील व्यवस्था : बांधकाम-कचऱ्याचे भवितव्य तो निर्माण होतो त्या क्षणी व त्या जागीच ठरते. वेगळ्या ठेवलेल्या विटांच्या तुकड्यांस गिऱ्हाईक असते. त्याच तुकड्यांत माती, प्लॅस्टिक, लाकडाचा भुसा व जेवणाचे उष्टे मिसळले, की कोणीही ते फुकट नेत नाही. एकदा मिसळलेला माल पुन्हा निवडण्याचा खर्च बहुधा त्याच्या किंमतीपेक्षा जास्त होतो. म्हणून बांधकामाच्या जागी प्रारंभीच माती, विटा व गिलावा, काँक्रीट आणि धातू-लाकूड-प्लॅस्टिक यांसाठी चार निरनिराळ्या जागा आखून घेणे हा या विषयातील सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्यास यंत्र लागत नाही. मुकादमाचे लक्ष मात्र सतत लागते.

यापूर्वीची पायरी म्हणजे कचरा होऊच न देणे. तिचा बराचसा भाग कागदावरच पार पडतो. भारतीय मानक संस्थेची मापीय वीट १९० × ९० × ९० मिमी. असते. सांध्यासह तिची जागा २०० × १०० × १०० मिमी. धरून खोल्यांची व भिंतींमधील मोकळ्या जागांची मापे तिच्या पटीत घेतली, तर विटा तोडण्याचे प्रसंग कमी येतात. सळया सामान्यतः १२ मी. लांबीच्या मिळतात, कोणत्या तुळईस किती लांबीचे तुकडे लागतील याचा तक्ता आधी करून कापणी केली, तर आखूड तुकडे फार उरत नाहीत व जे उरतात ते रिंगांसाठी (तुळई-खांबांतील आडव्या कड्यांसाठी) कामी येतात. सिमेंट जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर व कोरड्या जागी ठेवावे लागते. चांगल्या ठेवणीतही तीन महिन्यांत त्याची ताकद लक्षणीय घटते. यास्तव घर बांधणाऱ्याने भाव चढण्याच्या भीतीने सर्व सिमेंट एकदम आणून ठेवणे अंती महागात पडते. रेती उघड्या जमिनीवर ओतल्यास तळचा थर मातीत मिसळून वाया जातो. कालविलेला मसाला अर्ध्या तासात संपेल एवढाच घ्यावा, हा जुन्या गवंड्यांचा दंडक आहे व तो शास्त्रालाही धरून आहे, कारण सिमेंट त्यानंतर घट्ट होऊ लागते.

जे उरते त्याचा उपयोग पुष्कळदा त्याच जागेवर करता येतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा गच्चीवर घालून वरून सिमेंटचा थर देण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. काँक्रीट व दगडांचे तुकडे जोत्याच्या भरावात चालतात. विदर्भातील काळ्या जमिनीत या भरावाला विशेष महत्त्व आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावर थेट उभारलेल्या फरशीला व भिंतींना तडे जातात. ती काढून तिच्या जागी मुरूम भरण्याची रीत आहे. हा मुरूम टेकड्या खोदून आणावा लागतो आणि काढलेली काळी माती मात्र रस्त्याच्या कडेला टाकली जाते. वास्तविक ही माती शेतीस उत्तम असते व वरचा थर वेगळा ठेवल्यास शेतकरी ती आनंदाने नेतो. तर मुरुमाचा काही वाटा पाडकामातील खडे-विटा घेऊ शकतात. मात्र असा भराव पंधरा-वीस सेंमी. जाडीच्या थरांत, पाणी शिंपडून व ठोकून बसवावा लागतो; अन्यथा तो पुढे खचतो. भरावात लाकडाचा एकही तुकडा राहता कामा नये, कारण त्याच्या वासावर वाळवी येते व ती पुढे चौकटींपर्यंत पोहोचते.

जुने द्रव्य पुन्हा वापरताना त्याच्या मर्यादाही ओळखाव्या लागतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद भागात झालेल्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीची जड छपरे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्यांत दगड विपुल होता. परंतु दगडाच्या घरात पुन्हा राहण्यास पुष्कळ लोक तयार नव्हते. दोष दगडाचा नसून रचनेचा होता, कारण भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड व माथ्यावरील आडवे पट्टे त्या भिंतींत नव्हते. या दोहोंची सोय केल्यास दगडी भिंत पुरेशी सुरक्षित करता येते, असे तज्ञांनी दाखवून दिले; तरी लोकांच्या मनातून उठलेली वस्तू केवळ शास्त्राच्या आधारे परत आणता येत नाही.

प्रक्रिया व मानके : जागेवर न संपणारा माल प्रक्रिया-केंद्रात नेला जातो. तेथे मोठे तुकडे जबड्यासारख्या दळणयंत्रात फोडतात, लोहचुंबकाने सळया वेगळ्या करतात, वाऱ्याच्या झोताने किंवा पाण्याने हलका कचरा काढतात आणि चाळण्यांतून निरनिराळ्या आकारांची खडी व रेती मिळवितात. त्यांपासून फरसबंदीचे ठोकळे, रस्त्याच्या कडेचे दगड व पोकळ विटा बनवितात. भारतातील असे पहिले केंद्र दिल्लीत बुराडी येथे २००९ च्या सुमारास सुरू झाले. नोएडातील दोन उत्तुंग इमारती २८ ऑगस्ट २०२२ रोजी स्फोटाने पाडल्यावर सु. ८०,००० टन राडारोडा निर्माण झाला, तेव्हा हा विषय वृत्तपत्रांतून सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

पुनर्निर्मित खडीस जुना मसाला चिकटून राहिलेला असल्याने ती नैसर्गिक बेसाल्टच्या खडीपेक्षा अधिक पाणी शोषते. यासाठी ती आधी भिजवून घेतात किंवा मिश्रणातील पाण्याचे प्रमाण बदलतात. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ मधील आवृत्तीने या खडीला अधिकृत मान्यता दिली : काँक्रीटपासून मिळविलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ किंवा त्याखालील प्रबलित काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये पूर्णतः वापरता येते. विटा-काँक्रीटच्या मिश्र मलब्यापासूनची खडी केवळ या शेवटच्या प्रकारात चालते. वर्गवारीचे मोल येथेही दिसून येते. जिप्समचे तुकडे खडीत राहिल्यास त्यातील सल्फेटामुळे काँक्रीट फुगून तडकते, म्हणून जिप्सम वेगळे काढणे अत्यावश्यक असते.

अपाय : उघड्यावर टाकलेला राडारोडा प्रथम नाल्यांची व नद्यांची पात्रे अरुंद करतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीच्या पात्रातील भराव व अतिक्रमणे यांमुळे पुराची तीव्रता वाढली. पाडकामातील धुळीत बारीक सिलिका असते. ती दीर्घकाळ श्वासाबरोबर जाऊन फुप्फुसांचा सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. पाडण्यापूर्वी व पाडताना पाणी मारणे आणि मजुरांना नाक-तोंड झाकण्याची योग्य साधने देणे, हे त्यावरील सोपे उपाय होत. डोक्याला उपरणे गुंडाळल्याने हे काम भागत नाही. स्वस्त घरांवर व गोदामांवर सर्रास आढळणारे ॲस्बेस्टस-सिमेंटचे पत्रे विशेष धोक्याचे आहेत. त्यांच्या सूक्ष्म तंतूंनी कर्करोग होतो, म्हणून ते न फोडता, ओले करून, अखंड उतरवावे लागतात व दळणयंत्रात कधीही घालता येत नाहीत.

नियम व महाराष्ट्रातील स्थिती : केंद्र शासनाने मार्च २०१६ मध्ये बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे स्वतंत्र नियम केले, तत्पूर्वी हा विषय नागरी घनकचऱ्याच्या नियमांत ओझरता येत असे. या नियमांनुसार कचरा करणाऱ्या प्रत्येकाने तो वेगवेगळा ठेवावा, रस्त्यावर किंवा नाल्यात टाकू नये व नेमलेल्या केंद्रात पोहोचवावा, असे बंधन आले. एका दिवसात २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्यांवर पूर्वमंजूर आराखड्याची अट घालण्यात आली. शासकीय व नगरपालिकांच्या कामांत १० ते २० टक्के पुनर्निर्मित द्रव्य वापरण्याचीही तरतूद झाली. पाच लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावांना व्यवस्था उभारण्यास तीन वर्षांची मुदत होती. या नियमांची जागा घेणारे नवे नियम एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ हा दिनांक ठरला. त्यांत २०,००० चौ. मी. व त्याहून मोठ्या प्रकल्पांच्या उत्पादकांवर कचऱ्याच्या पुनरुपयोगाची विस्तारित जबाबदारी टाकली आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाची धार प्रथम मुंबईने अनुभवली. कचरा टाकण्याच्या जागा नियमबाह्य रीतीने चालविल्या जात असल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी, काही अपवाद वगळता, नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०१८ रोजी ती सशर्त शिथिल केली. राडारोडा ठराविक जागीच टाकला जाईल याची हमी ही त्यातील प्रमुख अट होती. त्यानंतर मुंबई महानगरपालिकेसाठी दहिसर व शीळ-डायघर येथे प्रत्येकी दररोज ६०० टन क्षमतेची प्रक्रिया-केंद्रे उभी राहिली.

लहान गावांची स्थिती याहून अगदी निराळी आहे. घाटंजीसारख्या नगरपरिषदेच्या गावात १०० चौ. मी. चे घर बांधताना वरील प्रमाणांनुसार ४ ते ६ टन कचरा, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दोन खेपा, निर्माण होतो. प्रधानमंत्री आवास योजनेतील २५ चौ. मी. च्या ग्रामीण घरकुलात तो एक-दीड टन भरतो. तेवढेच १०० चौ. मी. चे पक्के घर पाडल्यास ३० ते ५० टन निघतात. यंत्राने एक-दोन दिवसांत पाडल्यास दिवसाची मर्यादा ओलांडली जाईल, पण हाताने पाडताना ती क्वचितच गाठली जाते. महिन्याला ३०० टन होण्यासाठी नवे बांधकाम ५,००० चौ. मी. हून मोठे असावे लागेल. अर्थात आराखड्याची अट व नव्या नियमांतील मोठ्या प्रकल्पांची जबाबदारी या दोन्ही गोष्टी गावातील बहुतेक बांधकामांना लागूच होत नाहीत. तरी वर्षभरात घरोघरच्या ट्रॉल्यांची बेरीज काही कमी होत नाही व ती गावाच्या कडेच्या नाल्यांत आणि नदीकाठी जाण्याचा संभव राहतो. नियमांचा रोख महानगरांकडे आहे, असे यावरून म्हणता येईल.

दूरचे प्रक्रिया-केंद्र अशा गावास उपयोगी पडत नाही. नागपूर घाटंजीपासून दीडशे किमी. हून अधिक दूर आहे आणि तेवढ्या भाड्यात ताजी गिट्टी कित्येक पटींनी मिळते. अशा ठिकाणी व्यवहार्य ठरणारी व्यवस्था साधी आहे : नगरपरिषदेने नदी-नाल्यापासून दूर, कुंपण घातलेली एक जागा नेमणे, माती, विटा, काँक्रीट यांचे ढीग तेथे वेगळे ठेवून गरजूंना भरावासाठी देणे, आणि काँक्रीटचा ढीग पुरेसा वाढला म्हणजे चाकांवरचे फिरते दळणयंत्र दोन-तीन गावांनी मिळून भाड्याने आणणे. बांधकाम-परवानगी देण्याचा अधिकार नगरपरिषदेकडेच असल्याने जुने घर पाडून निघणारा माल कोठे जाणार, हे अर्जातच लिहून घेणे तिला शक्य आहे. धातू, दारे व चौकटी यांची काळजी भंगार व जुन्या लाकडाचे व्यापारी पूर्वीपासूनच घेत आले आहेत. सागाची तुळई अद्यापि उकिरड्यावर जात नाही. ढीग हलविण्याचे काम मात्र जून उजाडण्यापूर्वी उरकावे लागते, कारण पहिल्या जोराच्या पावसाबरोबर उघड्यावरचा चुरा व माती वाहून नाल्यात पोहोचते. यवतमाळ जिल्ह्यात २२ जुलै २०२३ रोजी झालेल्या अतिवृष्टीसारख्या पावसात नाल्यांना मोकळ्या पात्राची किती गरज असते, हे तेथील रहिवाशांना निराळे सांगावे लागत नाही.